झोक्यावरचा गंधार

॥ श्री ॥
धुळे, ३ जुलै १९९४

चि. धनराज यास पितांबरमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे बठ्ठं बरं शे. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पोटापुरतं गिऱ्हाईक आहे. गुडघे ऐकत नाहीत, पण कान अजून ऐकतात. परवा नरडाण्याचा एक गृहस्थ पिशवी घेऊन आला आणि म्हणाला की भाऊ, पोराचं जुनं खेळणं आहे, चालत नाही, ठेवून घ्या नाहीतर भंगारात घाला. पिशवी उघडली तर आत आपल्यासारखंच स्पेक्ट्रम, टीव्हीला जोडायचा तो छोटा कॉम्प्युटर. तसंच काळं, पाटीपेक्षाही लहान, आणि तीच खोडरबरासारखी बटणं. आतला एक सांधा सुटला होता. डाग दिला, दुकानातल्या टीव्हीला जोडलं, पडदा पांढरा झाला आणि मी मोठ्याने हसलो. शेजारच्या नासीर टेलरने शिलाई थांबवून विचारलं की कोण पाहुणा आला. मी म्हणालो, कोणी नाही.

तू पॉलिटेक्निकला असताना माझ्याकडे राहायचास, ते दिवस आठवले. आपली 'पांझरा पार' आठवते का? नदीतून बैलगाडी पलीकडे न्यायची एवढाच खेळ, पण मशीनला एका वेळी एकच काम जमे. सूर वाजला की गाडी थांबे, गाडी हलली की गाणं थांबे. तू डोकं धरून बसलास. शेवटी आपण ठरवलं, एका सुराला एक पाऊल. नासीर म्हणाला होता की बैल असेच असतात, गाडीवानाने गाणं सोडलं की उभे राहतात.

आणि गाणं कुणाचं, तर तुझ्या आईचं. त्या वर्षी यशोदाअक्का वैशाखात आखाजीच्या सणाला माहेरी म्हणून माझ्याकडे आली होती. मागच्या निंबाला झोका बांधला होता. तिचं गाणं तू मशीनमध्ये घातलंस. सगळे सूर जागच्या जागी, फक्त अक्का त्यात नव्हती. मी म्हणालो, गंधार बघ. तू तीन आकडा दिलास, तो पडला. चार दिलास, तो चढला. मी लग्नाच्या मांडवात भोंगे बांधत मोठा झालेला माणूस, मला तुझ्या आकड्यांतलं काय कळणार? विचारलं की बाबा, तीन आणि चारच्या मध्ये काही असतं की नाही? तू हसलास, मग करून पाहिलंस. साडेतीनच्या जरा अलीकडे अक्का सापडली. तुझी मामी हातातलं उलथनं तसंच घेऊन बाहेर आली होती, नणंद कुठे गाते आहे ते बघायला.

आता अक्का नाही, मामीही नाही. मशीन आहे, पण त्यात घालायला काही नाही. खेळ कॅसेटवरूनच चढतो, आणि माझ्याकडच्या कॅसेटला बुरशी लागली. लग्नानंतर आपलं मशीन तू जळगावला नेलंस, त्याबरोबरची कॅसेट नक्की असेल. तेवढी 'पांझरा पार' उतरवून पाठव.

कुंदाला आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याशी भांडत जा अधूनमधून, घराला जाग राहते.

कळावे. लोभ आहेच, तो पोस्टाच्या तिकिटाएवढा तरी वाढवत जा.

तुझा,
पितांबरमामा

---

॥ श्री ॥
जळगाव, १७ जुलै १९९४

ती. मामांस धनराजचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र मिळाले, आनंद झाला. आम्ही उभयता सुखरूप आहोत. कारखान्यात पाळ्या बदलत्या आहेत, त्यामुळे पत्राला उशीर झाला. क्षमा असावी.

सोबत कॅसेट पाठवतो. पहिल्यांदा खेळ आहे, तो वायरने उतरवला आहे. त्याच्या मागे नुसती चाल वाजवून टेपच्याच माइकने भरली आहे, म्हणजे खेळ चढला नाही तरी तुम्हाला ऐकता येईल. गंधार तुम्ही सांगितला होता तिथेच आहे, त्याला हात लावलेला नाही.

अलीकडे मीही संध्याकाळी मशीन लावून बसतो. आता शहरात रंगीत पडद्याचे मोठे कॉम्प्युटर आले आहेत, त्यांचे क्लास निघाले आहेत. आमच्या कारखान्यातली तरुण पोरं माझ्या मशीनला हसतात. हसू देत.

कुंदा मजेत आहे. हे लिहीत असताना शेजारीच उभी आहे, तुम्हाला नमस्कार सांगते. कालच तिने भरीत केले होते, तेव्हा तुमची आठवण निघाली. दिवाळीला इकडे यावे असे तिचे म्हणणे आहे.

तब्येतीस जपावे. आमच्यावर माया आहे तशीच असावी, ही विनंती.

आपला,
धनराज

---

॥ श्री ॥
धुळे, ३१ जुलै १९९४

चि. धनराज यास अनेक आशीर्वाद.

कॅसेट पोचली. पहिल्या झटक्याला खेळ चढेना. मशीन आधी शिट्टी घालतं, मग तो कर्कश गोंगाट सुरू होतो. नासीर म्हणतो की भाऊ, हे ऐकून गिऱ्हाईक पळतील. पण मला त्या गोंगाटातच कळलं की आवाज दबलेला आहे. टेपच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवला, गोंगाट उघडला आणि मग नदी आली, गाडी आली. मी ती पार नेली. पलीकडे पोचल्यावर काहीच होत नाही, हे मी विसरलो होतो. तेव्हा पलीकडे काय करायचं हे आपण ठरवलंच नव्हतं ना?

मग मागची चाल ऐकली. पुन्हा ऐकली. आता मी काय लिहितो ते रागावू नको.

भरल्या घरात आवाज बसतो. रिकाम्या घरात तो उभा राहतो. गेल्या वर्षी तू दिवाळीचा फराळ पाठवलास तेव्हाही एक कॅसेट होती, त्यात तुझी चाल गादीवर बसल्यासारखी होती. मागे बांगड्या होत्या, कुणी तरी डब्याचं झाकण लावत होतं. या वेळी प्रत्येक सूर भिंतीपर्यंत जातो आणि परत येतो. कपाट असलेल्या खोलीत तो असा परत येत नाही. पलंगावर गादी असली तरी नाही.

मला हे दुकानात कळलेलं नाही, घरात कळलं. मामी गेल्यावर तिच्या साड्या बहिणींना वाटून टाकल्या, संदूक रिकामी झाली, आणि त्या संध्याकाळी रेडिओ लावला तर तो दुसऱ्याच्या घरातला वाटला. मी त्याचं पाठचं झाकण उघडून बसलो होतो, बिघाड शोधत. रेडिओत बिघाड नव्हता.

कुंदा शेजारी उभी राहून नमस्कार सांगते म्हणतोस. असेल. पण बेट्या, आषाढात भरीत? भरताची वांगी थंडीत येतात हे खानदेशातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पुरुषालाच लागतं.

उत्तर जमेल तेव्हा लिही. नाही जमलं तर भिंतीवर एक गोधडी टांग आणि पुन्हा चाल पाठव. गोधडीने फरक पडतो. माझे कान मात्र गोधडीला फसत नाहीत.

लोभ आहे, तो इकडून कमी व्हायचा नाही.

तुझा,
पितांबरमामा

---

॥ श्री ॥
जळगाव, १० ऑगस्ट १९९४

ती. मामांस शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमच्यापुढे खोटं चालत नाही हे लहानपणापासून माहीत असून लिहिलं. कुंदा इथे नाही. आखाजीला माहेरी पहूरला गेली, ती आलेली नाही.

तिला घ्यायला मी जायचं ठरलं होतं. आई-वडील नाहीत, दुसरं कोण जाणार? पण त्या आठवड्यात पाळी बदलली, आणि खरं सांगतो, खेळात एक नवीन नदी घालत होतो, ती जमत आली होती. मी पोस्टकार्ड टाकलं की सुटी नाही, एस.टी.ने निघून ये. तिचं उत्तर आलं नाही. मग मलाही वाटलं की मी तरी का जावं? तिकडून टेम्पो आला. तिचे भाऊ होते. लग्नात दिलेलं कपाट, पलंग, भांडी, सगळं नेलं. मोठा भाऊ जाताना म्हणाला की दाजी, तुमचं मशीन आम्ही दिलेलं नव्हतं, ते राहू देतो. हे तो चेष्टेत म्हणाला की रागात, मला अजून कळलेलं नाही.

खानावळीत जेवतो. घरी आलो की मशीन लावतो. मामा, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. चाल वाजवली की घर उत्तर देतं. तेवढ्यासाठीच वाजवतो. नाहीतर दिवसभरात माझ्याशी बोलायला कोणी नसतं.

एका पोस्टकार्डावरून माणसं इतकी तुटतात का? तिच्या मनात आणखी काय आहे, मला ठाऊक नाही. विचारायचं कसं तेही ठाऊक नाही.

मी तुमचाच आहे, दूर लोटू नये.

आपला,
धनराज

---

॥ श्री ॥
पहूर, २८ ऑगस्ट १९९४

ती. मामांच्या चरणी कुंदाचा शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. आधी बाबांनी वाचले, मग माझ्याकडे दिले आणि म्हणाले की माणूस बरा दिसतो, उत्तर दे.

मी मशीनवर रुसले असे कोणी समजू नये. उलट त्यांनी मला आखाजीचे गाणे म्हणायला सांगितले, मशीनमध्ये घालतो म्हणाले, तेव्हा मला आनंद झाला होता. हातातले काम टाकून बसले. पण ते मध्येच थांबवायचे. म्हणायचे की तुझा गंधार एका जागी राहत नाही, आईचा बघ कसा आहे. मग मशीन वाजवून दाखवायचे आणि तसे म्हण म्हणायचे. मी म्हटले. पुन्हा चुकले. पुढच्या संध्याकाळी मी डोके दुखते म्हणून सांगितले. त्यांनी गोळी आणून दिली आणि पुन्हा मशीनपुढे बसले.

इथे आखाजीला झोक्यावर बसले तेव्हा मला कळले. झोका वर गेला की सूर वर जातो, खाली आला की उतरतो. आमच्याकडे सगळ्या बायकांचा जातो. त्याला मी काय करू? सासूबाईंचा एका जागी राहत असेल, त्यांचा झोका वेगळा असेल.

पोस्टकार्डाचे म्हणाल तर ते उघडे असते. पोस्टमनने ओट्यावर उभे राहून मोठ्याने वाचले. एस.टी.ने निघून ये. अर्ध्या गल्लीने ऐकले. बाबा त्या दिवशी शेतात गेले नाहीत. कपाट आणायला मी सांगितले नव्हते. ते आता ओसरीत भिंतीकडे तोंड करून उभे आहे, दार उघडता येत नाही.

कोणी घ्यायला आले तर मी येईन. पत्र मात्र पाठवू नये.

मुलीसारखी समजून माया ठेवावी.

आपली,
कुंदा

---

॥ श्री ॥
धुळे, ४ सप्टेंबर १९९४

चि. धनराज यास आशीर्वाद.

कुंदाला मी पत्र लिहिलं होतं, तिचं उत्तर आलं. ते सोबत ठेवतो. वाचल्यावर लगेच मशीन लावू नको.

तीन आणि चारच्या मध्ये अक्का सापडली, एवढंच तू शिकलास. मशीनला माणसाकडे आणायचं असतं, हे तुझं शिकायचं राहिलं. तू माणसालाच मशीनकडे ओढत बसलास, आणि तेही तुझ्या मेलेल्या आईच्या सुरावर. कोणती बाई उभी राहील?

रविवारी सकाळी जळगावच्या स्टँडवर ये. मी धुळ्याहून पहिल्या गाडीने निघतो. तुला वडीलधारं कोणी नाही असं वाटत असेल तर मामा अजून जिवंत आहे. तुझ्या सासऱ्यांपुढे, उखर्डूभाऊंपुढे बोलायचं काम माझं, तू खाली मान घालून चहा पी. मशीन आणू नको. चांगला शर्ट घाल. कपाटाबद्दल एक शब्द काढू नको.

बाकी भेटीत. लोभ रविवारपर्यंत राखून ठेव.

पितांबरमामा

---

॥ श्री ॥
धुळे, २७ नोव्हेंबर १९९४

चि. धनराज आणि चि. सौ. कुंदा यांस अनेक आशीर्वाद.

दिवाळीचा फराळ पोचला. चकली कडक आहे, पण दात माझे आहेत, दोष कुणाला देणार? नासीरने शेव संपवली.

पहूरची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. तुम्ही दोघं पुढे बसथांब्याकडे निघालात तेव्हा उखर्डूभाऊंनी मला मागे थांबवलं. म्हणाले की टेम्पो पाठवला त्या दिवसापासून मलाच ओसरीत जाववत नाही, कपाट बघवत नाही. तुम्ही आला नसता तर मीच आणून पोचवलं असतं, पण मग पोरीची किंमत काय राहिली असती? मी म्हणालो की भाऊ, म्हणूनच आलो. त्यांनी मला खिशातून सुपारी दिली. मी सुपारी खात नाही, पण खाल्ली.

आता कॅसेटचं. नवीन खेळ चढला. गाडीच्या जागी झोका पाहिला आणि जरा वेळ बटणाला हातच लावला नाही. एका सुराला एक हेलकावा. वर जाताना गंधार सरकत सरकत चढतो, खाली येताना तसाच उतरतो. किती आकडे घातलेस रे त्यात? कुंदा, हा तुझाच आवाज आहे, बीपमधून आलेला असला तरी. नासीरने न विचारता सांगितलं की कोणी तरी बाई गाते आहे.

मागची माइकने भरलेली चाल ऐकली. आवाज बसला आहे. कपाट दाराच्या उजव्या हाताला ठेवलंय असं वाटतं, चुकत असेन तर कळवा. पलंगावर गादीही आली.

माझ्या इकडचं विचाराल तर नासीरने मला जाड कापडाचे पडदे शिवून दिले. बैठकीत लावले. दोन दिवस बरं वाटलं, मग कान सरावले. गोधडीला फसत नाहीत म्हणून मीच तुला सांगितलं होतं.

धनराज, चाल संपल्यावर तू टेप बंद करायला विसरला आहेस. पट्टी तशीच पुढे चालते. त्यात कोणी बोलत नाही. खुर्ची सरकते, कुंदा परात खाली ठेवते, रस्त्यावरून एक सायकल जाते. मग बराच वेळ नुसतं तुमचं घर आहे. मी जेवायला बसताना तेवढा भाग लावतो. झोक्याचा खेळ मग चढवतो, कधी नाहीही चढवत.

पुढची कॅसेट पाठवशील तेव्हा पुन्हा असाच विसर.

कळावे. लोभ कसा असतो ते आता ऐकू येतं, लिहायची गरज नाही.

तुमचा,
पितांबरमामा