खोल्यांपुढची जाळी

ताई,

ड्युटीवर तुझा फोन बंद, म्हणून चिठ्ठी. आईला घेऊन पोलिसांकडे चाललोय. दोघंही धड आहोत.

काल तिला तो घरात चोर घुसण्याचा नवा सिनेमा दाखवला, ही अक्कल माझीच. जोहान्सबर्गचं पब्लिक घाबरतं कसलं! नायिकेच्या खिडकीला गज नाहीत म्हणून अख्खं थिएटर तिलाच झापत होतं. "अगं बये, खोल्यांपुढची लोखंडी जाळी ओढून कुलूप लाव!" मागचे एक काका तर तिच्या दाराचं माप सांगत होते. मीही ओरडत होतो.

तेवढ्यात आई उभी राहिली आणि पडद्याला म्हणाली, "पोरी, त्याला ओळखलंस हे कळू देऊ नकोस."

सगळे हसले. मला हसता येईना. मार्चमध्ये आपल्याकडे चोर शिरले, तेव्हा "मी कुणाचं तोंड पाहिलं नाही" म्हणाली होती ना?

आज सकाळी तिने नाव सांगितलं. मदुदुझी. आपली जाळी बसवणारा.

तू त्याला आज चार वाजता कुलूप बघायला बोलावलंयस. फाटक उघडू नकोस. जाळीआड जाऊन बसू नकोस, ते कुलूप त्यानेच आणलंय. शेजारच्या राडेबे मावशींकडे जा. त्यांचा कुत्रा चावतो, पण निदान आधी भुंकतो.

थुलानी