मोजल्याशिवाय घंटी नाही

दि. १९ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे सुखरूप परत आलो. हे वाक्य सर्वांत आधी लिहायचं असं आबांनी बजावलं आहे, म्हणून आधी लिहिलं. तुमचे गुडघे काय म्हणतात? गोळ्या वेळेवर घेता ना, की शेजारणीला तब्येतीचे सल्ले देता देता स्वतःच्या राहून जातात?

पहिल्यांदा आभार. तुम्ही विणून पाठवलेले मोजे या सहलीत सर्वांत कामाचे ठरले. एप्रिल असूनही तळ्याकाठी सकाळ-संध्याकाळ गारठा असा होता की शेंडेफळाने ते आधी पायात घातले, मग हातात घातले आणि शेवटी त्यात उकडलेली अंडी गरम ठेवली. मधल्याने तुमच्यासाठी एक दगड आणलाय. तो बदकासारखा दिसतो असं त्याचं म्हणणं. मला बटाटा वाटला, पण तुम्ही बदकच म्हणा. थोरली दोन दिवस फोन उंच धरून रेंज शोधत हिंडली, मग नाद सोडला आणि दुपारच्या उन्हात पोहायला शिकवायच्या नावाखाली भावाला पाण्यात बुचकळत बसली.

आम्हा दोघांच्या रजा जुळणं म्हणजे दुग्धशर्करा योग, हे तुम्ही जाणताच. तुमचे बंधुराज पहाटे पावाची गाडी घेऊन बाहेर पडणार, मी दिवसभर एक्स-रेच्या खोलीत लोकांना ‘श्वास धरा, सोडा’ सांगणार, पोरं शाळेला आणि क्लासला पांगणार. नवरा-बायकोची गाठ फ्रिजच्या दारावरच्या चिठ्ठ्यांतून पडते. थंडीत तुम्ही आलात तेव्हा हे सगळं पाहिलंत आणि जाताना दारात म्हणालात, या घरात म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलायला कुणाला वेळ आहे? सुट्टी झाली की आबांना माझ्याकडे पाठवा. मला राग आला होता ताई. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच आला. आबा तुमचे वडील, माझे सासरे. हक्क तुमचा आधी. तुम्ही त्यांच्यासाठी खोली रंगवलीत, खिडकीशी पलंग लावलात, हे ऐकून मला बरंही वाटलं होतं आणि वाईटही. सहलीहून आल्यावर नक्की करू असं आपलं ठरलं. त्यामुळे ही सहल तरी नीट पार पाडायची, तुम्हाला नाव ठेवायला जागा ठेवायची नाही, असा मी चंगच बांधला होता.

तळं फार सुंदर होतं. सकाळी पाणी इतकं शांत असायचं की पोरंही हळू आवाजात बोलायची. खोल्या स्वच्छ होत्या. खिडकीची एक कडी सोडली तर तक्रारीला जागा नव्हती, आणि ती कडी आबांनी नेलकटरने बसवली.

मी सारखी तळ्यावर येते आहे, कारण तळ्याच्या आधीचं सांगायचं टाळते आहे. आता सांगते.

दरवेळेसारखे आम्ही पावाच्या गाडीनेच निघालो. ह्यांनी आदल्या दिवशी रॅक काढून सीट बसवल्या, तरी पहिल्या वळणाला कुठून तरी पावाचा चुरा अंगावर पडलाच. गाडीच्या मागच्या भागाला खिडकी नाही आणि पुढच्या सीटवरून मागचं नीट दिसत नाही. म्हणून आपले आकडे. तुमचा तर जन्मच त्या आकड्यांतला. आबा लांबच्या बसवर कंडक्टर होते तेव्हापासूनचा घरचा कायदा आहे, मोजल्याशिवाय घंटी नाही. आबा एक, आई दोन, तुम्ही तीन, हे चार. ज्याने त्याने आपला आकडा म्हणायचा, शेवटचा आकडा आला की गाडी हलायची.

मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा या गाडीत बसले तो दिवस तुम्हाला आठवतो का? तुम्ही तुमच्या सासरहून आम्हाला निरोप द्यायला आला होतात. आबा एक म्हणाले, आई दोन म्हणाल्या आणि पुढे सगळे गप्प, कारण तीन तुमचा होता. मी बावरून बसले होते. तुम्ही दारातून डोकं आत घातलंत आणि म्हणालात, “तीन तू म्हण गं. रिकामा आकडा बरा दिसत नाही.” मी म्हटलं आणि हे चार म्हणाले. लग्नात इतके विधी झाले, पण मी या घरची झाले ती त्या क्षणी. याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

आई गेल्यानंतर पहिल्या प्रवासाला ‘एक’नंतर असंच सगळे गप्प झाले. तेव्हा आबांनीच हळूच ‘दोन’ म्हटलं. तेव्हापासून ते दोन्ही आकडे एका दमात म्हणतात, “एक, दोन.” पोरांना तर ते असंच असतं असं वाटतं. शेंडेफळाने आजीला पाहिलंही नाही.

जाताना पहिल्या थांब्यावर आबांना झोप लागली होती. मोजायची वेळ आली तेव्हा शेंडेफळाने घसा खाकरून आबांच्या जाड आवाजात ‘एक, दोन’ म्हटलं. सगळे हसले. मीही हसले. पुढे पेट्रोल पंपावर थांबलो, चहा झाला, पाय मोकळे झाले. आबांचा ओव्हरकोट मागच्या सीटवर पसरलेला होता, वर टोपी. धाकट्या पोरीला वाटलं आबा आत झोपलेत. तिने पुन्हा आवाज काढला, आम्ही पुन्हा हसलो, मी तीन म्हटलं, हे चार म्हणाले, सात आकडे पुरे झाले आणि गाडी निघाली. आबा तेव्हा पंपाच्या मागे हात धूत होते.

बरंच पुढे गेल्यावर मी संत्रं सोललं आणि आबांना द्यायला मागे दिलं. पोरीने कोट उचलला. तिने हाकही मारली नाही. नुसती म्हणाली, “आई, आबा नाहीत.” मी फोन लावला, तर तो कोटाच्या खिशात वाजला.

मोठ्या रस्त्याला वळायला जागा लवकर मिळत नाही. हे प्रत्येक फाट्याला गाडी हळू करून पाहत होते. मागे थोरलीने शेंडेफळाला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. एक गोष्ट कबूल करते. घाबरले तेव्हा मला आधी आबा आठवले नाहीत, तुम्ही आठवलात. आता ताई काय म्हणतील, हे मनात आलं. आबा थंडीत स्वेटरवर उभे असतील हे त्यानंतर आलं. याची मला अजून लाज वाटते.

आबा कुठे असतील म्हणता? जिथे आमची गाडी उभी होती, बरोबर त्याच जागेवर. पंपावरच्या बाईने त्यांना आत उबेला बसायला सांगून पाहिलं, खुर्ची दिली, पण आबा बसायला तयार नाहीत. गाडी चुकली तर जागा सोडायची नाही, बस शोधत तिथेच येते, असं त्यांनी जन्मभर उतारूंना सांगितलं. शेवटी त्या बाईने चहा आणून त्यांच्या हातात दिला, आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि गिऱ्हाइकांना त्यांना वळसा घालून गाड्या लावायला लावल्या. देव तिचं भलं करो. मी तिचे हात धरले, तर तीच म्हणाली, “होतं असं. माझ्या आईला मी एकदा बाजारात विसरले होते.” मला बरं वाटावं म्हणून खोटंच बोलली असेल कदाचित. तरी उपकार विसरणार नाही.

आबांनी ह्यांना एकच विचारलं.

“मोजलं होतंस?”

“मोजलं होतं. पुरे भरले.”

तेव्हा शेंडेफळ हुंदके देत पुढे आली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आबा आधी खो खो हसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक उतारू मागे सोडला नाही आणि आता स्वतःच राहिलो, म्हणाले. तिला उचलून घेतलं. मग गाडीत चढताना, दाराला हात लावून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “म्हणजे माझ्यावाचूनही पुरे भरतात.”

ते मी ऐकलं. ह्यांनीही ऐकलं. आम्ही गाडीत बसलो, आणि असल्या गोष्टींची वेळ एकदा गेली की बोलणं आणखीनच अवघड होतं.

तळ्यावर आबा सगळ्यांशी गोड वागले. पाहुणा वागतो तसे. जेवणाला नावं ठेवली नाहीत तेव्हाच मी ओळखलं, पाणी मुरतंय. शेवटच्या सकाळी उठून पाहते तर त्यांनी आपली बॅग स्वतः भरली होती आणि ते तळ्यासमोरच्या बाकावर बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी विचारलं, ताईकडे जायला सोयीची गाडी कोणत्या दिवशी असते?

मी मनात मोठी तयारी केली होती. डॉक्टर जवळ आहे, पोरांना सवय आहे, वगैरे. ते सगळं बाजूला राहिलं. मी म्हटलं, “आबा, जाऊ नका.” आणि मग जे सुटलं ते सुटलं. म्हटलं, रोज मी कामावरून येते तेव्हा ‘आज कुणाचं काय मोडलं?’ असं विचारणारं माणूस तुम्ही. माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नसतं मी दिवसभर काय पाहते, ते तुम्हाला ठाऊक असतं. थोरलीचं रडणं तुमच्याकडे, मधल्याचं गणित तुमच्याकडे, ह्यांचं मालकाशी वाजलं की ते तुमच्याकडे. ताई म्हणतात या घरात तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नाही. खरंच नाही. पण आमच्याशी बोलायला तुम्हाला वेळ आहे, म्हणून हे घर चाललंय.

ताई, हे बोलेपर्यंत मलाही ते कळलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की आम्ही आबांना सांभाळतो.

आबांनी चहा संपवला. मग म्हणाले, “पोरीची चूक नाही ती. माझी आहे. ही गेल्यावर तिचा आकडा मीच म्हणत राहिलो. पोरीला वाटलं, माणूस नसलं तरी आकडा म्हटला की भागतं.”

मी बाकावर त्यांच्याशेजारी बसले. मग त्यांनी कप माझ्याकडे दिला.

“ताईला सगळं लिही. लपवलंस तर मी तिच्याकडे जाईन. लिहिलंस तर राहतो.”

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आबा राहावेत म्हणून ही लिहितेय. थोडं तसंच आहे, नाकारत नाही. पण नुसतं तेवढंच नाही. शेंडेफळ फोनवर तुम्हाला आज ना उद्या सांगणारच होती. त्याआधी माझ्याकडून कळावं, एवढा तुमचा मान माझ्या मनात नक्की आहे. हे सगळं वाचूनही आबांनी तुमच्याकडेच यावं असं वाटलं, तर मी वाद घालणार नाही. त्यांची बॅग मीच पुन्हा नीट भरून देईन. त्यांनी भरलेली पाहिली, मोजे वर आणि औषधं तळाशी.

परत निघताना हे म्हणाले, मोजा. मागून आवाज आला, “एक.” आणि थांबला. नुसता एक. शेंडेफळाने तोंडावर हात ठेवला होता. ह्यांनी गाडी सुरू केली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. मग आबा म्हणाले, “दोन ताईला द्यायचा. ती येईपर्यंत रिकामा राहू दे. चला पुढे.” मग मी तीन म्हटलं. हे चार म्हणाले, पोरांनी सात पुरे केले आणि गाडी हलली.

तर आता माझी विनंती. तुमची दोन्ही मुलं दूर गेल्यापासून तुमचे रविवारचे फोन लांबत गेलेत, हे मी ओळखून आहे. फोन ठेवताना तुम्ही ‘अजून एक सांगायचं राहिलं’ म्हणता आणि मग काहीच सांगत नाही. आबांची काळजी तुम्हाला आहेच, पण त्या रंगवलेल्या खोलीत आवाज हवा हेही तितकंच खरं असेल, नाही का? माझा हिशेब चुकला असेल तर धाकटी म्हणून कान उपटा. नसेल तर पुढच्या महिन्यात आम्ही सगळेच्या सगळे तुमच्याकडे येतो. खोलीत आबा, बाकीचे जमिनीवर. जाताना तुम्हाला गाडीत घालून नेऊ आणि तुम्हाला आमचा कंटाळा येईपर्यंत ठेवून घेऊ. तो लवकर येईल, पण तोवर तरी राहा. तुमच्या गुडघ्यांचे फोटो मी फुकटात काढून देईन.

एकदा तुम्ही मला तुमचा आकडा दिलात. आता ‘दोन’ हा आकडा घेऊन मी तुमच्या दारात उभी आहे. रिकामा आकडा बरा दिसत नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

कळावे. कधी नव्हे इतकी तुमची ऋणी,

तीन

ता. क. (आबांच्या हातचा)

बाळ, वाचलं. सगळं खरं आहे. फक्त मला थंडी वाजली नव्हती. दोनची जागा मागच्या दाराशी, माझ्या शेजारी ठेवली आहे. तू आवाज दिल्याशिवाय घंटी देणार नाही.

एक