माथ्यावरची काकडी

प्रिय आप्पा,

शनिवारी कॉलेजातल्या जपानी मैत्रिणींबरोबर नागानोच्या डोंगरावर गेले होते. निघताना सवयीनं सहा काकड्या सोलून पिशवीत टाकल्या. माथ्यावर भेटेल त्याला तुकडे देत सुटले, तशी त्यांच्यातली चिनात्सु म्हणाली, "अगं, ओळख ना पाळख, काकड्या कसल्या वाटतेस?"

"कोरियात डोंगरावर असंच असतं. आमच्या आप्पांनी लावलेली सवय."

बोलून गेले आणि तो दिवस आठवला. मी आठवीत असताना आपल्या घरामागच्या डोंगरावर माझ्या वर्गातल्या मुली भेटल्या होत्या. तुम्ही घामाघूम, गळ्यात टॉवेल, सगळ्यांना काकडी देत हिंडत होतात. "हे काका कोण गं?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "कोण जाणे!"

तुम्ही ते ऐकलंत, आप्पा. आधी त्यांना काकडी दिलीत, मग माझ्यापुढे धरून हसत म्हणालात, "घे बाळा, तूपण घे. कुठल्या शाळेत गं तुम्ही?"

घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. म्हणून मीही हे पत्र टाकणार नाही. सुट्टीत आले की त्याच डोंगरावर जाऊ. कुणी विचारायच्या आधीच सांगेन.

तुमची, तुमचीच मुलगी,
बोराम