मागे उभे राहू नये

मी, भारत कचरू घेवंदे, वय वर्षे एकसष्ट, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी व्हिडिओ गेमचे दुकान, हल्ली काही नाही, राहणार जुना जालना, माझ्या राहत्या घरी बसून, शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही. मन स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी विचारले, झोप लागते का, भूक लागते का. दोन्ही लागतात. पत्नी संध्या हिला जाऊन दोन वर्षे झाली आणि तेव्हापासून बाकी काही जाणवत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. उगाच दाखला अडला असता.

मला वारस एकच, मुलगी ज्योत्स्ना, वय सत्तावीस, राहणार पुणे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते ज्योत्स्नाला द्यावे. तिने विकले तरी माझी हरकत नाही. मोरीवरचा पत्रा गळतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे, नंतर वाद नको.

कलम २. बँकेत जे असेल ते तिचेच. मात्र त्यातून आधी माझी बहीण कांताबाई, राहणार हसनाबाद, हिच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा खर्च करावा. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम ३. बंद असलेल्या भाड्याच्या दुकानात नाणे टाकून खेळायच्या सहा उभ्या लाकडी मशीन आहेत, दांडी आणि बटणांच्या. त्यांपैकी दोन चालतात. त्या कोणाला द्यायच्या ते पुढे लिहितो, आधी त्या काय होत्या ते लिहिणे भाग आहे. वकील म्हणाले याची गरज नाही. मृत्युपत्र माझे आहे.

दुकान मी १९९५ साली धान्यबाजारामागच्या बोळात काढले. भागीदार इनायत शेख, मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. मशीन आणायचो मी, जिवंत ठेवायचा तो. हमाल, कॉलेजची पोरे, कापडदुकानातले नोकर असे सगळे यायचे. हरलेला माणूस पहिली तक्रार मशीनची करायचा, बटण दबले नाही, नाणे परत द्या. म्हणून इनायतने नियम केला. उठण्यापूर्वी आपण खेळात कसे मेलो ते सांगायचे. कोणी म्हणायचा, पुलावर डावीकडून गोळे आले, माझे लक्ष उजवीकडे होते. इनायत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, मशीन बराबर आहे, ऊठ.

नियम नाणे वाचवण्यासाठी होता, पण मागे पाच-सात जण उभे असायचे. ते ऐकायचे. पुढचा माणूस पुलावर आला की डावीकडे बघायचा. असे करत करत आमच्या बोळात एका नाण्यावर तासभर टिकणारी माणसे तयार झाली. कोणी कोणाला शिकवले नाही. हरलेल्याचे नाक कापले जात नसे, उलट तो बोलत असताना सगळे गप्प असत. संध्या डबा घेऊन आली की तीही मागे उभी राहायची. मला ते दिवस चांगले आठवतात. आठवतात एवढेच.

कलम ४. इनायत याजबद्दल. २००६ साली आम्ही आठ कॉम्प्युटर बसवले, पैसे तासावर, आणि त्यांवर बंदुकीचा खेळ टाकला. पोरे समोरासमोर बसून एकमेकांना मारायची. गर्दी फार वाढली, आणि वर्षभरात बोळाची तऱ्हाच बदलली. मेलेला पोरगा शिवी हासडायचा, टेबलावर हात आपटायचा आणि लगेच पुन्हा सुरू करायचा. कसा मेला हे तो सांगेना, आणि कोणी विचारीना. मी तेव्हापासून एकच सांगत आलो की बंदुकीच्या खेळांनी खेळणाऱ्यांची माती केली. पुढे मोबाइलवर शंभर जण विमानातून उड्या मारायचा खेळ आला, तेव्हा तर माझे म्हणणे पक्के झाले. त्यात नेम अर्धा मशीन धरते. नव्या माणसाला खूश ठेवायला मैदानात माणसांऐवजी मशीनच चालवते असे पुतळे सोडतात, ते मारून तो स्वतःला शूर समजतो. हे मी आजही म्हणतो. ते खोटे नाही.

इनायतचे म्हणणे वेगळे होते. दुकान सोडताना तो एवढेच बोलला, "बंदूक खराब न्हाई भारत. पहले तू खेळ विकत होता, आता टाइम विकून राह्यला." मला राग आला. पंधरा-सोळा वर्षे आम्ही बोललो नाही. संध्याच्या अंत्ययात्रेला तो न बोलावता आला आणि माझ्या चपला हातात धरून स्मशानाबाहेर उभा राहिला, तेव्हापासून बोलतो. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असे वकील सांगतात. इनायत साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही देत नाही.

कलम ५. हे कलम माझ्या चुकीचे आहे.

२०१९ साली अंबड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मोबाइलवरच्या त्याच खेळाची स्पर्धा झाली. ज्योत्स्ना आणि तिच्या तीन मैत्रिणी पहिल्या आल्या. "पप्पा, एकदा या," असे तिने तीन वेळा म्हटले होते, म्हणून मी गेलो. संध्याही होती. संयोजकाने मुलीचे वडील म्हणून माझ्या हाती माईक दिला. मी म्हणालो की याला कसब म्हणत नाहीत. हिने मारलेल्यांत निम्मे मशीनचे पुतळे असतात, आमच्या दुकानात ही पाच मिनिटे टिकली नसती.

हॉलमध्ये साठ पोरे खुर्च्यांवर बसली होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ज्यांना हरवले ती हीच जिवंत माणसे होती. स्पर्धेत पुतळे नसतात. तिथे हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होते. कोणी हसले नाही, ते हसले असते तर बरे झाले असते. ज्योत्स्नाने ट्रॉफी आईच्या हातात दिली आणि ती बाहेर गेली. पंधरा दिवसांत पुण्याला नोकरी धरली. तिथे ती खेळांतल्या चुका शोधण्याचे काम करते. त्यानंतर वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, तिचा जयभीमचा फोन यायचा. तो ती आईला करायची.

संध्या गेल्यावर ती आठ दिवस राहिली. एका दुपारी ती आतल्या खोलीत मैत्रिणींशी मोबाइलवर बोलत होती. हरलेल्या सामन्याचे चित्रण चौघी मिळून पाहत होत्या. मी बाहेर भाजी निवडत होतो. ती म्हणाली, "मी मेले ते माझ्याच चुकीनं. एकाच खिडकीतून दोनदा डोकावले." मग दुसरी सांगू लागली, मग तिसरी. कोणी शिवी दिली नाही. एक बोलत असताना बाकीच्या गप्प होत्या.

मी उठून दुकानात गेलो. दाराशी २००६ साली मीच लावलेला बोर्ड होता. मागे उभे राहू नये, बसायचे असल्यास तास घ्यावा. अक्षर संध्याचे. मागे उभे राहणारे पैसे देत नव्हते आणि पंख्याचा वारा अडवत होते, म्हणून मी तिच्याकडून लिहून घेतला होता. ऐकणाराच मी बाहेर काढला, मग मेलेल्याने सांगायचे कोणाला? बोळातला खेळ बंदुकीने बिघडवला नव्हता. मी सोळा-सतरा वर्षे चारचौघांत बंदुकीला नावे ठेवली, आणि त्याच तोंडाने मुलीचा अपमान केला. तेव्हा मला मोठा धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मी बोर्ड काढला, भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, आणि घरी येऊन भाजी फोडणीला टाकली.

कलम ६. चालणाऱ्या दोन मशीन ज्योत्स्नाला. तिला जागा नसेल तर तिने त्या कोणालाही द्याव्यात, अट एवढीच की मागे उभ्या राहणाऱ्याला हाकलू नये. उरलेल्या चारांचे सामान काढून घ्यावे, लाकूड सागवानी आहे. ट्रॉफी संध्याने पिठाच्या डब्यामागे ठेवली आहे. मी ती दर रविवारी पुसतो. ज्योत्स्नाला हे माहीत नाही.

कलम ७. माझ्या मागे होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवणापूर्वी, इनायत शेख यांनी सर्वांसमोर उभे राहून पुढील मजकूर वाचावा: भारत घेवंदे मंगल कार्यालयात मुलीबद्दल जे बोलले ते चूक होते, ती कसबी खेळाडू आहे, याबद्दल ते तिची माफी मागतात.

वरील कलम ७ रद्द समजावे. कारण लिहितो. काल इथवरचा कागद इनायतला वाचायला दिला. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मेल्यावर माफी मागून राह्यला तू. मंग त्या पोरीनं न्हाई म्हणायचं असंल तर कोणाला म्हणायचं?" मी कागद परत घेतला.

आज सकाळी तिला फोन केला. पुण्याला येऊ का, असे विचारले. तिने विचारले, कशाला. म्हटले, एक गोष्ट बोलायची आहे. ती म्हणाली, फोनवर बोला. मी नाही म्हणालो. मला वाटले फोन कट झाला. मग ती म्हणाली, "कितीची गाडी हाय?"

उद्या सकाळी सहाची बस आहे. तिने माफीला नाही म्हटले तर तो तिचा हक्क आहे, त्यावरून घर किंवा ठेव यांत काही फरक पडणार नाही. मला भीती वाटते आहे. दोन वर्षांत मला काही वाटले असेल तर ते हेच. त्यामुळे खालची सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही तरी ती माझीच धरावी.

लिहून देणार: भारत कचरू घेवंदे (सही)

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: इनायत शेख, रेडिओ दुरुस्ती, जुना जालना (सही)

साक्षीदार २: पुष्पाबाई दांडगे, शेजारी, निवृत्त शिक्षिका (सही)

ठिकाण: जालना
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५