जोहराखालाचे आठ मिलिमीटर

मुखेड, २९ ऑगस्ट २००९

डॉक्टर ताहेर यांसी,

आनंदराजाचा जयभीम आणि सलाम, दोन्ही. (एक वाटेत हरवला तर दुसरा तरी पोचावा. याला तुम्ही लोक जोखीम वाटून घेणं म्हणता आणि त्यावर शंभर पानं लिहिता. आम्ही याला पोस्टाचा अनुभव म्हणतो.) तू खुशाल आहेस असं धरून चालतो, कारण दीड महिन्यात तुझा फोन नाही. तिकडे आठव्या मजल्यावर तुझी प्रकृती, तुझी झोप आणि तुझे उरलेले केस जागच्या जागी असोत. इकडे मी बरा, माझी रेणुका बरी, आणि तुझी अम्मी, म्हणजे आपली जोहराखाला, पाच वेळची नमाज आणि पंचवीस वेळा तुझी चौकशी नेमाने करते. पाऊस मात्र बरा नाही. पत्र त्याबद्दलच आहे. पण एकदम मुद्द्यावर येणं गुरुपादप्पा सरांच्या शिष्याला शोभायचं नाही.

सर आठवतात ना? अख्ख्या शाळेत संस्कृत घेणारे आपण दोघंच, आणि शिकवणारे सर घरी कन्नड बोलणारे. तिघांपैकी कुणाच्याच घरी ती भाषा कधी पाहुणी म्हणूनही आली नव्हती, म्हणूनच बहुधा आपण तिच्याशी इतक्या अदबीनं वागलो. पुढे तू गरिबीचा अभ्यास करायला श्रीमंत देशात गेलास, आणि मी लातूरला क्लासमध्ये 'स्कोअरिंग विषय' म्हणून रुजू झालो. (मी शिकवत होतो असं नाही, मी विषयच होतो. पोरं म्हणायची, "सर, अर्थ राहू द्या, मार्काचं तेवढं सांगा.") तिथली सात वर्षं आता आठवली की बरं वाटतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तिथं पाहिलेली एक गोष्ट तुझ्या संशोधनाला फुकट देतो. आमच्याकडचा कोरडवाहू बाप एका रानात ज्वारी, तूर, मूग, तीळ आणि बांधाला अंबाडी पेरतो. एक गेलं तर दुसरं हाती लागावं. तोच बाप पाचही लेकरं लातूरला आणून एकच पीक पेरतो: सायन्स. हा माणूस जोखमीला भितो की नाही, ते तुझ्या प्रश्नावलीतल्या कुठल्या चौकटीत बसवायचं, तूच सांग.

तर, जूनमध्ये तू चार दिवसांसाठी आलास, पावसाचा विमा समजावलास आणि स्वतःच्या घराच्या अंगणात ते पर्जन्यमापक रोवून गेलास. नियम सोपा होता. सलग एकवीस दिवस रोजचा पाऊस अडीच मिलिमीटरच्या आत राहिला, की आसपासच्या सात गावांतल्या दोनशे बारा शेतकऱ्यांना भरपाई. ना पंचनामा, ना तलाठी, ना कुणाच्या पाया पडणं. नळकांडं बोलेल ते खरं. लोक तुझ्या शास्त्रावर नव्हे, माझ्या शब्दावर विम्यात आले. पंढरी तर अंगठा करताना म्हणाला, "सर, ह्यातलं मला काय बी कळंना. तुमी म्हन्ता म्हून." नोंद घ्यायचं काम तू माझ्यावर सोपवलंस आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंस: 'जे दिसेल तेच लिहावं, मत लिहू नये, खाडाखोड करू नये.'

ताहेर, न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला असं वाक्य देणं म्हणजे माकडाला शिडी देणं. ऑगस्टच्या पाच तारखेनंतर आभाळ असं कोरडं पडलं की वाळत घातलेलं धोतर तासाभरात कडक व्हावं. पण मी रोज सकाळी साडेआठला जाऊन पाहावं, तर नळकांड्यात आठ मिलिमीटर! पहिल्या दिवशी वाटलं, दव. दुसऱ्या दिवशी वाटलं, रात्री पावसाची सर येऊन गेली असेल. तिसऱ्या दिवसापासून वाटणं बंद केलं. प्रत्यक्ष प्रमाण समोर असताना अनुमान कशाला? रोज मोजून नळकांडं रिकामं करत गेलो आणि वहीत लिहीत गेलो: आठ, आठ, साडेसात, आठ. पंढरीनं मला चौकात गाठलं. मूग करपलेला, सोयाबीनच्या शेंगा पोचट. म्हणाला, "सर, तुमच्या नळकांड्यात रोज पडून राह्यलंय, अन् माझ्या रानात थेंब न्हाई. ढगाला काय तुमचाच पत्ता घावला का?" मी त्याला पाऊस स्थानिक असतो यावर दहा मिनिटं सांगितलं. तो ऐकून घेऊन, मान डोलावून म्हणाला, "हाव सर," आणि गेला. त्या 'हाव'नं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग परवा, गुरुवारी, मला नांदेडची पहिली एस.टी. धरायची होती म्हणून मी साडेसातलाच वही घेऊन तुझ्या दारात गेलो. बघतो तर खाला हातात पेला घेऊन पर्जन्यमापकापाशी उभी. 'बिस्मिल्ला' म्हणाली आणि ओतलं की आत! मी ओरडलो, "खाला, हे काय करून राहिलीस?" ती उलट माझ्यावरच उखडली. "तुझ्या दोस्ताला विचार की! माझी परात अंगणातून उचलायला लावली, म्हनं दहा फुटांत काय ठेवायचं न्हाई. अन् त्या जागी असलं भांडं रोवून गेला, की रोज पेलाभर पानी ओतते अन् मेलं रोज पिऊन टाकतंय! पाऊस होता तवर आपलं आपन भरत होतं, तवर मी थेंब तरी ओतला का?"

परात म्हटल्यावर मी तिथंच ओट्यावर बसलो. किल्लारीच्या भूकंपानंतरची ती तांब्याची परात, ताहेर! अख्खं मुखेड महिनाभर अंगणात झोपत होतं. कुणी उतरंडीवर पेला उपडा ठेवी, कुणी पत्र्याला चमचे टांगी, आणि खालानं परातभर पाणी अंगणात ठेवलं. पाणी हाललं की पळायचं. आणि पंचवीस वर्षांचा, एम.ए. झालेला घोडा असून तू त्यात खडा टाकलास. खाला कोंबडी काखेत मारून रस्त्यावर, तिच्यामागे सगळी गल्ली, आणि त्यामागे एका पायात चप्पल घातलेले गुरुपादप्पा सर, "शांतम् पापम्" म्हणत. (खोट्या इशाऱ्यावर लोक किती वेगानं पळतात, हा अर्थशास्त्रातला तुझा पहिला प्रयोग. दुसरा झाला नाही, कारण खालानं लाटणं घेतलं.) तेव्हा आपण बाजेवर पडून किती हसलो! ज्या महिन्यात इतकी माणसं गेली त्याच महिन्यात इतकं हसलो, याची लाज आणि आठवण दोन्ही मी अजून एकाच कप्प्यात ठेवली आहे.

आपण विसरलो, खाला नाही. सोळा वर्षं ती परात रोज भरत होती. विमाच की तो. मोजमाप आणि रान यांच्यात पडणाऱ्या फटीवर तू प्रबंध लिहिलास ना? त्याच फटीत तुझी अम्मी रोज पेलाभर पाणी ओतत होती.

आता हसणं पुरे. कंपनी वही बघणार, आभाळ नाही. हंगामाची मुदत तीस सप्टेंबरला संपते (किल्लारीचीच तारीख, तुला सांगायला नको). त्याआधी तू लेखी कळवायला हवंस की सहा ऑगस्टपासूनच्या नोंदी खोट्या आहेत, थेंबही पडलेला नाही. एकवीस दिवस परवाच पुरे झाले. यानं तुझ्या यंदाच्या अभ्यासाची माती होईल, आणि कारण म्हणून जन्मदात्रीचं नाव लिहावं लागेल. नाही लिहिलंस तर दोनशे बारा घरं, आणि पंढरीचा तो 'हाव'. माझा जबाब सोबत जोडला आहे.

तुझा,
आनंदराज

ता. क. जबाबाबरोबर एक मागणी आहे, आणि खरं तर पत्र तिच्यासाठीच आहे. मी खालाला विचारलं, "सोळा वर्षांत पुन्हा तसा हादरा बसला नाही, आता कशाला गं भरतेस?" ती म्हणाली, "इथली जमीन हालली तर मी पळीन बेटा. पन त्यो तिथं आठव्या माळ्यावर. त्याचं भांडं हाय, त्याच्याकडं हाललं तर ह्यात दिसंल." तेव्हा तू रोज आमच्या सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तिला फोन करावास. दोन मिनिटं पुरे. बाकी कुठल्याही उपायानं ते नळकांडं कोरडं राहणार नाही.

ता. क. २. तुझा दहा फुटांचा नियम मोडून परात पुन्हा अंगणात मांडली आहे. चिमण्या खूश आहेत.

ता. क. ३. वहीतली आजची नोंद पुन्हा आठ मिलिमीटर आहे, तीही खोटीच धर. खाला तापानं पडून आहे (काळजी नको, उतार आहे), आणि नुसत्या परातीवर तिचं समाधान होईना. ओतणारा मीच होतो. पेलाभर पाणी सावकाश खाली उतरेपर्यंत वाकून पाहत राहिलो. हाललं नाही. म्हणजे तू खुशाल असावास.