आक्का, माझा माईक बारीक का ठेवलास?

प्रिय आक्का,

तुझ्या वर्षश्राद्धाला आपलं भजन ऐकवायचं ठरलंय. तेर गावच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नीट करायचं काम माझ्याकडं आलं, कारण शाळेतल्या कार्यक्रमांचं मीच करते. ते करताना जे कळलं, ते दुसऱ्या कुणाला सांगता येईना. म्हणून तुलाच लिहितेय.

आपल्या दोघींचे माईक वेगवेगळे रेकॉर्ड झालेत. लॅपटॉपवर तुझ्या आवाजाच्या लाटा पडदाभर, माझी नुसती सपाट रेघ. वाटलं, वायर खराब असेल. आवाज वाढवायला गेले, तर वाढेना. एका जागी माझ्या माईकजवळ झांज जोरात वाजली होती, तेवढंच टोक पार वर टेकलेलं. ते दाबल्यावर बाकीचं वर आलं, पण सोबत खरखर आली. तीही काढली. मग सहज त्याआधीच्या, भूमच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग उघडलं. तिथंही माझी रेघच. वायर सगळीकडं कशी खराब असेल?

आपल्या साउंडवाल्या मुनीरभाईंना फोन केला. आधी त्यांनीही वायरवरच ढकललं. मग म्हणाले, "आता काय लपवायचं? आक्काच म्हणायच्या, बारकीचा माईक कमी ठेवा, ती सुरात न्हाय. पण तिला कळू देऊ नका."

भूमहून येताना एसटीत मी रडले होते, आठवतं? बायका म्हणाल्या होत्या, धाकटीचा आवाजच येत न्हाय. तू माझं डोकं मांडीवर घेतलंस. म्हणालीस, "असू दे गं. सगळ्यांचा गळा सारखा नसतो." मला किती बरं वाटलं होतं. तशीच झोपले मी. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं गं?

त्यानंतर मी एकटीनं गायचं सोडलंच. तुझ्या मागं ध्रुवपद धरायचं, एवढंच.

काल साफ केलेला माझा आवाज ऐकला. पुन्हा पुन्हा ऐकला. मी सुरात आहे, आक्का. गौळणीत एके ठिकाणी तुझा दम तुटला, तिथं मी ओळ धरून ठेवलीय. तू वळून माझ्याकडं बघितलंस, ते मला अजून आठवतं. म्हणजे तुला माहीत होतं.

माझी भीती वाटायची का तुला? आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. "मागं बस" म्हणाली असतीस, तर बसले असते. मुनीरभाईंना सांगितलंस, मला का नाही?

दाजी म्हणाले, "तिचा दिवस हाय, तिचाच आवाज मोठा ठेव." त्यांना यातलं काही सांगणार नाही.

राग अजून गेलेला नाही. तरी तुझा आवाज मी कणभरही कमी करणार नाही, हा माझा शब्द. पण माझाही वर राहील. आणि भजन संपलं, की त्याच लोकांसमोर मी एकटी एक गौळण म्हणेन. मुनीरभाईंना सांगून ठेवलंय, माईक पूर्ण उघडा ठेवा.

तुझी धाकटी बहीण,
सुरेखा