नळीतलं ऊन

२८ एप्रिल, शुक्रवार
ह्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉ. कडे. काचबिंदू दोन्हीकडे. उजव्या डोळ्यात आता काही राहिलेलं नाही, डाव्यात मधला तेवढा भाग शिल्लक. डॉ. स्पष्ट बोलल्या. गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशन उरलेली वाचवण्यासाठी. त्यातही थोडा धोका आहेच. १७ मे तारीख धरून ठेवलीय, हो की नाही ते १५ ला कळवायचं.
रिक्षात हे एकदाच बोलले. "नळीतून बघावं इतकंच उरलंय. त्यासाठी कापाकापी कशाला? आहे तेही जाईल."
स्वारगेटच्या सिग्नलला खूप वेळ थांबलो.

२ मे, मंगळवार
घर गप्प. हे खुर्चीत. रेडिओसुद्धा नको.
नोकरी टेलिफोन खात्यात केली, पण ह्यांचं खरं काम प्रश्न विचारणं. दूध उतू जातं, मग पाणी का नाही? आकाश निळं, मग संध्याकाळी लाल का? मी पोळ्या लाटत असायची आणि हे ओट्याशी उभे. अर्धं तर मला कळायचंही नाही. आता चार दिवस एक प्रश्न नाही. भीती वाटते. डोळ्यांपेक्षा ह्याची जास्त.
म्हणून आज मीच विचारला. "अहो, माठातलं पाणी गार कसं होतं? ना वायर, ना बर्फ."
खुर्चीचा हात नखानं खरवडत राहिले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "माठ पाझरतो. बाहेर आलेलं पाणी वाळतं. वाळायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून घेतं."
एवढंच.
मी स्वयंपाकघरात जाऊन माठाच्या पोटावर हात ठेवला. ओला, गार. म्हणजे जे पाणी उडून जातं ते जाता जाता राहिलेल्या पाण्याला गार करतं. जन्मभर ह्यातलं पाणी प्यायले आणि एकदाही हात लावून बघितलं नाही. तिथेच उभी राहिले. आमटी लागली.

५ मे, शुक्र.
पौर्णिमा. दिवेलागणीला चंद्र समोरच्या सोसायटीच्या टाकीमागून वर आला. केवढा तो! परातीएवढा. ह्यांना ओढून बाल्कनीत आणलं.
आधी सापडेना. मान हळूहळू डावीकडे, वर, पुन्हा खाली. मी बोटानं दाखवत होते, पण बोट तरी कुठे दिसत होतं. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात म्हणाले, "सापडला."
"एवढा मोठा कसा हो?"
"मोठा नाही. हात लांब करून करंगळीनं झाक. मग डोक्यावर आला की परत झाक."
करंगळीमागे आख्खा गेला! आणि जेवण झाल्यावर पुन्हा बघितलं तर तेव्हाही तसाच गेला. "मग मोठा दिसतो का?" तर म्हणाले, "अजून कुणाला पक्कं सांगता आलेलं नाही."
चंद्रावर माणसं जाऊन आली आणि हे अजून माहीत नाही. मला का कोण जाणे, फार बरं वाटलं.
ऑपरेशनचा विषय काढला. "नको" म्हणाले.

९ मे, मंगळ.
पेपरात आलंय. शनिवारी १३ ला शून्य सावली. वर्षात दोनदा सूर्य पुण्याच्या अगदी माथ्यावर येतो, तेव्हा उभ्या वस्तूला सावलीच पडत नाही. जुलैअखेर परततो तेव्हा दुसऱ्यांदा, पण तेव्हा ढग.
ह्यांना न सांगता सगळं ठरवलं. खालच्या बोर्डावर चिठ्ठी लावली. "शून्य सावली. शनिवार, दु. १२ वा., गच्चीवर. सर्वांनी यावे." ह्यांनी लोकांना समजावून सांगावं, चार जणांनी ऐकावं. एकदा बोलायला लागले की पूर्वीसारखे होतील. मग १७ चंही बघू.

१३ मे, शनि.
नको होतं करायला.
पंधरा-वीस लोक आले. ह्यांना हात धरून वर नेलं, तेव्हा सांगितलं. चेहरा जरा खुलला. उन्हात टोपी घालून उभे राहिले. फरशी पुसायची काठी उभी धरली. बारा वाजले. काठीला वीतभर सावली. बारा पाच. सावली आहेच.
चेअरमन म्हणाले, "सावलीला नोटीस पोचलेली दिसत नाही."
सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वेळी लेखी संमती घ्या, वहिनी." कुणी वाईट नाही, सगळे आपले शेजारीच. पण ह्यांना वाटलं आपल्यालाच हसतात. सव्वाबाराला जेवायची वेळ म्हणून गच्ची रिकामी. आम्हीही उतरलो. जिन्यात ह्यांचा पाय एका पायरीवर चुकला. कठडा होता म्हणून वाचलो.
खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "आता पुरे. मला कुठे नेऊ नकोस. आणि डॉ. ना नाही म्हणून कळव."
जेवले नाहीत. मीही ताट झाकून ठेवलं.

१४ मे, रवि.
आधी लिहून टाकते.
सकाळी समोरच्या रझियाबाई आल्या. शाळेतून रिटायर झाल्या, मराठी शिकवायच्या. काल बहिणीकडे खडकवासल्याला होत्या. दारातच म्हणाल्या, "वहिनी, ती बोर्डावरची चिठ्ठी तुमची? बारा कुणी सांगितलं तुम्हांला?"
"म्हणजे? सूर्य डोक्यावर बारालाच येतो ना?"
"कुठला! आमच्या नमाजाच्या वेळापत्रकात जवाल असतो. सूर्य बरोब्बर माथ्यावर येतो ती वेळ. तेवढा वेळ आम्ही नमाज पढत नाही, सूर्य ढळायची वाट बघतो. सध्या साडेबाराच्या जरा पुढे आहे."
आतून खुर्ची सरकल्याचा आवाज. हे भिंतीला हात लावत स्वतः बाहेर आले. स्वतः!
"अर्थात!" जवळजवळ ओरडलेच. "आपलं घड्याळ तिकडे मिर्झापूरच्या सूर्यावर लावलेलं. तिथून पुण्याच्या माथ्यावर यायला त्याला अर्धा तास जास्त लागतो. मी एवढं कसं विसरलो?"
मी म्हटलं, "पण तो दिवस तर कालच गेला."
"एका दिवसात तो केवढा सरकणार? आज चालेल. अगं, नळाच्या कामातला तो पाइपचा तुकडा कुठे आहे?"
बाथरूममागून काढून दिला. पांढरा, हातभर लांब. काय करणार, सांगेनात.
आम्ही तिघंच वर. रझियाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याला बांधून ओळंब्यासारखा लोंबता धरला, ह्यांनी बोटांनी चाचपून पाइप त्या दोऱ्याला सरळ लावला. खाली डावा तळहात पसरला. तळहातावर पाइपची सावली. म्हणाले, "आता तुम्ही सावल्या बघा. मी इथे आहे."
बघितल्या. कठड्याच्या गजांच्या सावल्या लहान लहान होत गजांच्याच पायांशी गेल्या. रझियाबाईंची पाण्याची बाटली नुसती उभी, शेजारी काही नाही. मी खाली पाहिलं. पदराखाली, पावलांपाशी थोडा काळोख, बाकी मी कुठेच नाही. इतकी वर्षं बरोबर असणारी सावली गेली कुठे? अंगावर काटा आला, भर उन्हात. रझियाबाई हळूच "सुभानअल्लाह" म्हणाल्या. माझे हात आपोआप जोडले गेले.
आणि हे म्हणाले, "आलं."
मी वळले.
"एका काठानं आलं. कोमट. थांब. आता अर्ध्यात. आता..." पाइप जरा वर उचलला. तळहातावर उन्हाचा गोल. स्वच्छ, चपातीच्या गोळ्याएवढा.
"दिसतंय?" मी विचारलं.
"दिसतंय. आख्खं दिसतंय गं."
तो चंद्र सोडला तर किती महिन्यांत ह्यांनी आख्खं काही पाहिलं नव्हतं. माणूस बघितला तर नाक दिसायचं, दार बघितलं तर कडी.
"आठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालंय हे. वाटेत कुठे थांबलं नाही. सरळ इथे." मग हात तसाच धरून उभे राहिले. गोल एका बाजूनं कातरत गेला, संपला. तरी हात पसरलेलाच. जरा वेळानं म्हणाले, "नळी काही अगदीच वाईट नाही."
मी रडले. रझियाबाई पण. कालच्या सगळ्यांना बोलवायला हवं होतं, असं वाटलं आणि नाही बोलावलं तेच बरं, असंही.

१५ मे, सोम.
डॉ. ना ह्यांनीच फोन केला. हो म्हणाले. मग विचारलं, ऑपरेशन चालू असताना डोळ्याला काय दिसतं? डॉ. हसल्या बहुतेक. दहा मिनिटं चाललं होतं.
बोर्डावर नवी चिठ्ठी, ह्यांनी सांगितलेली, मी लिहिलेली. "सावली चुकली नव्हती, आपण लवकर आलो होतो."

१७ मे, बुध.
झालं. नीट झालं म्हणतात. नजरेचं आत्ताच सांगता येत नाही. डाव्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आज ह्यांना काहीच दिसत नाही. पट्टी उद्या सकाळी काढणार.
आत नेताना म्हणाले, "आज तो जुन्नरच्या माथ्यावर असेल. मग नाशिक." सूर्य असा गावागावावरून उत्तरेकडे चाललाय आणि मला साठी उलटल्यावर कळतंय. बाहेर बाकावर बसून मी त्याचाच विचार करत होते. देवाचं नाव घ्यायचं राहिलं. की तेच घेत होते?

१८ मे, गुरु. सकाळ
पट्टी काढायला निघायचंय. आंघोळी झाल्या, चहा झाला. हे मघापासून पलंगावर ताठ बसलेत.
"ऐक. डोळा मिटलेला, वर कापूस, वर पट्टी. मग मला हा उजेड कुठला दिसतोय?"
हे चांगलं की वाईट? "कसला उजेड?"
"ठिपके आहेत. सरकतात. निळसर." आवाजात भीती नाही. ओट्याशी उभे राहून विचारायचे तोच आवाज.
"डॉ. ना विचारू," मी म्हटलं.
"विचारू. पण आधी आपण विचार करू."
अजून विचारच चाललाय. रझियाबाई रिक्षा घेऊन आल्यात, खालून हाका मारतायत. पाइप बाथरूममागे ठेवू नकोस, जुलैत लागेल, म्हणाले. दाराशी उभा करून निघतोय.